चौथ्या घराचा जिना

कतारहून आल्यापासून जो तो एकच विचारतो, उंट पाहिलास का? पाहिला. एक. ट्रकच्या हौद्यात बसून तो माझ्याकडं तुच्छतेनं बघत पुढं निघून गेला. उंटाबद्दल माझ्याकडं एवढंच आहे. मी तिथं प्लायवूड बघून आलो. प्लायवूड बघून माणूस किती जळू शकतो ते मी इथं लिहिणार आहे. ज्यांना वाळूवरचा सूर्यास्त हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

आधी मी का गेलो ते. कराडच्या स्टँडमागं एका खोलीत आमची संघटना आहे, परदेशी जाणाऱ्या बांधकाम कामगारांची. पत्रकं मी लिहितो. आजवर एजंटांवर लिहिली, दलालांवर लिहिली, पासपोर्ट काढून ठेवणाऱ्यांवर लिहिली. मग आखातातून पत्रं यायला लागली: आता इथं चिनी आलेत. कोरियन होते तोवर ठीक होतं, त्यांचे भाव चढले होते. चिनी कंपन्या मात्र टेंडर भरतात आणि आपल्या डोळ्यांदेखत काम उचलून नेतात. एवढ्या कमी भावात त्यांना परवडतं कसं? सगळ्या पत्रांत एकच उत्तर होतं. ते मजूर नाहीतच, तुरुंगातून आणलेले कैदी आहेत.

मला आणखी काय पाहिजे होतं? ‘कैद्यांशी स्पर्धा आम्ही का करावी?’ असं ठळक अक्षरात छापलं. लोकांनी ते पत्रक चहाच्या टपऱ्यांवर चिकटवलं. नंतर संघटनेच्या बैठकीत एका म्हाताऱ्या गवंड्यानं विचारलं, "पुरावा काय रं?" पुरावा नव्हता. तो आणायला मी निघालो.

दुसरं कारण घरचं. माझे दाजी, म्हणजे आमच्या अक्काचे मालक शंकरराव, कतारमध्ये सेंट्रिंगच्या सुतारांचे मुकादम. सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी जो लाकडाचा साचा उभा करतात ते. सातारा जिल्ह्यातली चाळीसभर माणसं त्यांच्या हाताखाली. या सगळ्यांचं पुढचं काम चिन्यांच्या हातात जाणार की राहणार, हे त्या हिवाळ्यात ठरायचं होतं. निघताना अक्का म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, दिवाळीला आला न्हाईसा तरी चालंल. पण काम सोडून येऊ नगासा." दाजी मागं एकदा काम सुटून घरी आले होते. वर्षभर ओसरीवर बसून होते, कुणाशी बोलत नव्हते. ते वर्ष अक्का विसरलेली नाही.

अल सद्द

व्हिजा काढला होता इब्राहिमभाईंनी. मूळचे रत्नागिरीकडचे, दोह्यात एका व्यापाऱ्याकडं कारकून, संघटनेचे जुने स्नेही. अल सद्दमध्ये त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. विमानतळावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "सुकट आणलीस काय?"

"पत्रकं आणलीत."

ते गाडी चालवत होते. त्यांनी आरशातून माझ्या पिशवीकडं बघितलं. घरी पोचल्यावर माझ्या पिशवीतला गठ्ठा काढला आणि कपाटावर, बिर्याणीच्या मोठ्या पातेल्यात ठेवून वर झाकण घातलं. "जाशील तेव्हा घेऊन जा. इथं कागद वाटलास तर तू एकटा नाय जायचास रे बाबा. माझा पण बिस्तरा गुंडाळतील."

"भाई, पण हे कामगारांच्या हिताचं—"

"हित पातेल्यात सुखरूप हाय. जेव."

सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी आणि शेजारच्या इराण्याच्या भट्टीतला गरम खुबूस, म्हणजे आपल्या भाकरीपेक्षा मोठी, फुगलेली रोटी. त्यांची धाकटी मुलगी मला निरखत होती. मी मराठीत नाव विचारलं. तिला सगळं कळत होतं, पण उत्तर आलं, "अंकल, आर यू अ पॉलिटिशियन?" इब्राहिमभाई हसून हसून ठसकले.

सकाळी बाहेर पडलो तर रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना पांढऱ्या इमारती, आणि जिकडंतिकडं क्रेन. प्रत्येक क्रेन कुणाची आहे, हे मी विचारत होतो. "ती लेबनानी. ती कोरियन," भाई सांगत होते. "आणि ती तुझ्या दोस्तांची." त्या क्रेनला लाल कापड बांधलं होतं. मी तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की ती वाकायला पाहिजे होती.

अल रय्यान

दाजींचा कॅम्प अल रय्यानच्या कडेला. पत्र्याच्या लांबच लांब खोल्या, पाण्याची टाकी आणि दोरीवर वाळत घातलेले पायजमे. दाजी दारात उभे होते. दोन वर्षांत केस पिकले होते, आवाज तोच.

"या पुढारी! मोर्चा कुठाय?"

"कपाटावर ठेवलाय, दाजी."

खोलीत शिरलो आणि चाटच पडलो. मी पत्रकात ‘कोंडवाडा’ असा शब्द वापरला होता. इथं तर प्रत्येकाला पलंग, पलंगाखाली ओढायचा खण, उशाशी देव्हारा. देव्हाऱ्याला कमान, कमानीला नक्षी. भिंतीला कपाट, कपाटाला आरशाची जागा. चपलांची मांडणी. मधोमध कॅरम बोर्ड, आणि त्याच्याभोवती चारजण वाकलेले. सगळं तपकिरी, चकचकीत, आरशासारखं गुळगुळीत.

"हे कंपनीनं दिलं?"

सगळे हसले. दाजींचा उजवा हात म्हणजे जगन्नाथ नावाचा सुतार. तो म्हणाला, "कंपनी देतीया व्हय! कंपनीनं लोखंडी खाटा दिल्यात, त्या तिकडं मागं गंजत्यात. हे आमचं हातचं."

लाकूड सेंट्रिंगच्या प्लायचं होतं. या प्लायला वरून गुळगुळीत थर असतो. काँक्रीट त्याला चिकटत नाही, साचा काढला की भिंत काचेसारखी निघते. आणि त्याच गुळगुळीतपणामुळं त्यावर स्ट्रायकर असा सरकतो की विकतच्या बोर्डानं लाजावं.

"तुकडं असत्यात वं," दाजी म्हणाले. "घर झालं की माप बदलतं, प्लाय कापावं लागतं. उरल्यालं फेकूनच देत्यात. वाळवंटात फेकायचं ते आपुन वापरलं."

मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? मनात पत्रकाचा मथळा तयार झाला: ‘हातात कला आहे, ती चिन्यांकडं आहे का?’

रात्री जेवायला तीन चुली. एक कराडकरांची, एक पाटणकरांची, एक मल्याळी लोकांची. फोरमनचं जेवण चौथ्या ठिकाणी, पंखा असलेल्या खोलीत. कराडकरांचा रस्सा तिखट, पाटणकर म्हणत त्यांचा जास्त तिखट, आणि मी दोन्हीकडं जेवून दोघांनाही हो म्हणालो.

जेवणानंतर दाजींनी सगळी परिस्थिती सांगितली. अल गराफ्यात सरकारी घरं बांधायची होती, एकसारखी, रांगेनं. पहिल्या टप्प्यातली निम्मी घरं आपल्या मुंबईच्या कंपनीकडं, निम्मी चिनी कंपनीकडं. दोघांचं काम बघून आणि नवे भाव मागवून दुसरा टप्पा कुणाला तरी एकाला द्यायचा. भाव भरून झाले होते. निकाल त्याच आठवड्यात होता.

"आपलं काम कसं झालंय?"

"भिंतीवरनं हात फिरवून बगा," दाजी म्हणाले. "गालावानी."

"मग भीती कशाची?"

दाजी बिडी शोधत राहिले. जगन्नाथ म्हणाला, "त्यांची बी गालावानीच हायती. त्योच तर घोळ."

रस्त्यापलीकडं

शुक्रवारी सुट्टी. दाजींना घेऊन मी गराफ्यात चिन्यांच्या कॅम्पवर गेलो. पहारेकरी, काटेरी तार, साखळ्या, यांतलं काहीतरी दिसावं असं मला मनापासून वाटत होतं. फाटक उघडं होतं. आत शिरल्या शिरल्या जे दिसलं ते बघून मी थबकलो.

मुळा होता. मुळ्याचा वाफा! वाळवंटात! शेजारी कांद्याची पात, पलीकडं कोबी. आंघोळीच्या मोरीतून पाट काढून पाणी वाफ्यांत सोडलेलं. एकजण गुडघ्यावर बसून किडे वेचत होता. आमची माणसं तिकडं सुकलेला कांदा विकत आणून वर ‘इथं भाजी मिळत नाही’ म्हणून घरी पत्रं लिहीत होती. मी स्वतः तशी पत्रं छापली होती.

"दाजी, हे तुम्हाला का सुचलं नाही?"

"शेती सोडून तर हितं आलो," दाजी म्हणाले.

इंग्रजी येणारा त्यांचा दुभाषा होता, लिन नावाचा. तिशीतला, चष्मा, निळा सदरा. त्यानं आम्हाला झाकणाच्या काचेच्या बरण्यांतून चहा दिला. बरणीत पानं तरंगत होती, साखर नाही, दूध नाही. दाजींनी एक घोट घेतला आणि मला मराठीत म्हणाले, "ह्यात चहा टाकायचा राहिलाय."

मी सरळ विचारलं. आडवळण मला जमत नाही. "तुम्ही लोक कैदी आहात का?"

लिन खो खो हसला, त्यानं बाकीच्यांना चिनीत ते सांगितलं, मग तेही हसले. एका धिप्पाड माणसानं मनगटं जोडून बेड्या घातल्याचं सोंग केलं. "सगळे विचारतात," लिन म्हणाला. "आम्ही एकाच प्रांतातले, एकाच बांधकाम कंपनीतले. दोन वर्षांनी परत जाऊ तेव्हा आमची तिथली जागा आमचीच असते."

त्या धिप्पाड माणसाकडं बोट करून त्यानं सांगितलं की हे त्यांचे इंजिनिअर. इंजिनिअर! तो बादलीनं कोबीला पाणी घालत होता. तो, स्वयंपाकी आणि सुतार एकाच लांब बाकावर बसून वाफवलेले पांढरे पाव खाणार होते. चूल एक. मला आमच्या तीन चुली आणि फोरमनचा पंखा आठवला.

पुरावा हातचा गेला. ते कैदी नाहीत याचं मला दुःख झालं, हे इथं लिहून ठेवतो. कैदी असते तर त्यांची कीव करता आली असती. आता हेवा करण्यावाचून काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात कॅम्पच्या मागून टकटक ऐकू आली. मी तिकडं गेलो. दोघं टेबल टेनिस खेळत होते, बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी टेबलाकडं बघितलं. तपकिरी, चकचकीत, गुळगुळीत.

"दाजी!" मी ओरडलोच. "हे बघा! तेच प्लाय! ह्यांनीही उचललंय!"

खरं सांगतो, एवढा आनंद मला विमान उतरल्यापासून झाला नव्हता. म्हणजे हेही आपल्यासारखेच! दाजी मात्र टेबलाजवळ गेले, वाकले आणि खालून बघायला लागले. मीही वाकलो. टेबलाला पायच नव्हते. चार रिकाम्या पिंपांवर दोन पॅनेलं नुसती ठेवलेली. कडेला लाल रंगात चिनी अक्षरं आणि आकडे. एकही कापलेली बाजू नाही. कडांना रंग लावून त्या बंद केलेल्या, पाणी शिरू नये म्हणून. खिळ्याची भोकं नेमकी एका रेषेत, पुनःपुन्हा त्याच जागी ठोकलेली.

"हे काय लिहिलंय?" मी लिनला विचारलं.

"हॉलची उत्तरेची भिंत. हे पहिल्या घरापासूनचं आहे. उद्या सकाळी सातव्या घरावर जाईल." मग त्यानं आणखी सांगितलं, "शुक्रवारी तेवढं टेबल होतं."

दाजी अजून वाकलेलेच होते. त्यांनी खिळ्याच्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग उठले आणि म्हणाले, "चला."

"दाजी, मग?"

"चला म्हटलं ना. खलास."

फाटकापर्यंत लिन आला. माझ्याकडं बघून त्यानं दाजींना इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी भाषांतर केलं: हा तुमच्या बायकोचा भाऊ इतक्या लांबून तुम्हाला भेटायला आला? दाजींनी मान हलवली. लिन म्हणाला, "आमच्याकडं कुणी येत नाही." त्याला माझ्या येण्याचा हेवा वाटला असेलही. माझा जळफळाट त्यानं रतीभरही कमी झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते पॅनेल होतं, सहा घरं फिरून कोरं राहिलेलं.

मुहंदिसाची केबिन

इंजिनिअरला तिथं मुहंदिस म्हणतात. सरकारच्या वतीनं काम तपासणारा मुहंदिस मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता. जाडजूड, बोलायला गोड. निकालाच्या दिवशी आमचा फोरमन कुठल्यातरी निमित्तानं आलाच नाही, म्हणून दाजी गेले आणि दाजींचं इंग्रजी म्हणून मी गेलो.

केबिनमध्ये शिरताच मला ओळखीची चमक दिसली. मुहंदिसामागं काचेच्या दाराचं कपाट, कोपऱ्यात बुटांची मांडणी, टेबलाशेजारी फायली ठेवायचा घोडा. कमानीवर तीच नक्षी. ईदला आमच्या लोकांनी प्रेमानं करून दिलेलं.

मी भाषण तयार करून गेलो होतो. स्वस्त श्रम, राष्ट्रांची फसवणूक, आमच्या माणसांची कारागिरी. मुहंदिसानं ते अर्ध्यापर्यंत ऐकून घेतलं, मग हात वर केला.

"मजुरीत फारसा फरक नाही," तो म्हणाला. "तुमच्या कंपनीनं प्रत्येक घराला नवं प्लायवूड धरलंय. चिन्यांनी सगळ्या रांगेला मिळून एकदाच. मला वाटायचं तुमच्या देशात असंच बांधत असतील, दर घराला नवा साचा." मग तो वळला, कपाटाच्या दारावर टिचकी मारली आणि दाजींकडं बघून हसला. त्याच्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, ते फार लागलं. "हे सुंदर आहे. हे कुठल्या घराचं?"

मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. दाजींना समजलं होतं.

दुसरा टप्पा चिन्यांना गेला.

बाहेर वारा सुटला होता, तोंडात वाळू येत होती. मी बडबडत होतो. कंपनीला शिव्या दिल्या, त्या मिसऱ्याला दिल्या, चिन्यांना दिल्या, त्यांच्या मुळ्याला दिल्या. दाजी डोक्याला पंचा गुंडाळून चालत होते. मग म्हणाले, "त्येचं कपाट लई बेस झालं व्हतं न्हवं?"

"दाजी, तुमची चाळीस माणसं घरी जाणार आणि तुम्हाला कपाटाचं पडलंय?"

"आता कपाटच राहिलं की हितं," ते म्हणाले.

परत

माझा व्हिजा संपत आला होता. दाजींनी निघताना कॅरम बोर्ड चादरीत गुंडाळून दिला. "तुमच्या भाच्यांस्नी. आमी येऊ म्हैन्याभरात समदी." इब्राहिमभाईंनी पातेल्यातून पत्रकं काढून दिली. त्यांना बिर्याणीच्या मसाल्याचा वास लागला होता. मी ती तिथंच कचऱ्यात टाकली. कैद्यांचा मथळा आता चालणार नव्हता. भाईंनी पहिल्यांदाच कौतुकानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पुढल्या खेपेला सुकट आण."

मुंबईत कस्टमवाल्यानं मला अडवलं. गल्फहून आलेला तरुण माणूस आणि हातात जाडजूड फळी म्हटल्यावर आत सोनं असणारच. त्यानं बोर्ड वाजवून बघितला, वजन करून बघितलं, शेवटी उलटा केला. मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. मी ते तोवर पाहिलंच नव्हतं.

"हे काय?" त्यानं मोठ्यानं वाचलं. "चार. जिना. डावी. वरची. ...कसला कोड आहे हा?"

अक्षर दाजींचं होतं.

"बोला की! कुणाला द्यायचंय हे?"

"चौथ्या घराच्या जिन्याला," मी म्हणालो. त्याला मी वेडा वाटलो असणार. बराच वेळ दाबून-ठोकून झाल्यावर त्यानं मला जाऊ दिलं.

म्हणजे आपणही लिहीत होतो! कुठलं घर, कुठली बाजू, वर की खाली, सगळं. लाल रंग नव्हता, पेन्सिल होती, एवढाच फरक. अक्कल त्यांच्याकडं जास्त होती असं म्हणून सुटायची सोयही राहिली नाही. कराडपर्यंत बोर्ड मांडीवर घेऊन मी धुमसत होतो.

दाजी आले ते महिन्याभरानं, एका शुक्रवारी, सगळ्यांबरोबर. चहा झाल्यावर मी बोर्ड त्यांच्यापुढं उलटा ठेवला. अक्का दारात उभी होती. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती, बोलतील की नाही म्हणून.

"दाजी, तुम्ही खुणा करत होता. मग हे जपलं का नाही? पाचव्या घराला हेच लागलं असतं."

दाजींनी बोर्ड जवळ ओढला. "पाचवं घर आमास्नी मिळणार, असं कुणी सांगितलं व्हतं का आमाला? एक घर झालं की फोरमन सांगायचा, उद्या कुठं जायाचं ते उद्या सांगतो. कधी आमी, कधी मल्याळी, कधी आठवडाभर नुसतं बसून. दुसऱ्या टोळीसाठी कोण कडा रंगवत बसतंय? त्यापरीस देव्हारा केल्याला बरा."

"चिन्यांना माहीत होतं."

"त्यास्नी पैल्या दिवशी माहीत व्हतं," दाजी म्हणाले, "सातवं बी त्यांचंच हाय ते."

बराच वेळ ते पेन्सिलीच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. ‘वरची’ या शब्दावर अंगठा थांबला. "लई बेस बसली व्हती ही. एक पान बी शिरलं नसतं फटीत." मग त्यांनी बोर्ड सुलटा केला, बोटांच्या चिमटीत पावडर घेऊन टाकली, सोंगट्या मांडल्या. अक्का हळूच आत गेली. ते बोलत होते, एवढं तिला पुरलं.

"या पुढारी. बसा समोर."

मी बसलो. स्ट्रायकर त्या गुळगुळीत लाकडावरून असा सुळकन गेला की आवाजसुद्धा झाला नाही. गराफ्यातही याच वेळी टकटक चालली असेल, पिंपांवर, उत्तरेच्या भिंतीवर. सकाळ झाली की त्यांचं टेबल कामाला जाईल.

"तुमचा डाव," दाजी म्हणाले. त्यांना सकाळी कुठंच जायचं नव्हतं.